भूशास्त्र शिकवू इच्छिणाऱ्या बीडकर उमेदवारांस

बीड जिल्ह्यातील ज्या तरुण-तरुणींना पुढेमागे शिक्षकाचा पेशा पत्करावयाचा आहे, आणि त्यातही खडक, माती, पाणी, पर्जन्य व भूकंप यांचे शास्त्र शिकविण्याची ज्यांना मनापासून ओढ आहे, त्यांनी आरंभीच एक गोष्ट ध्यानी घ्यावी की, आपल्या शाळांच्या वेळापत्रकात या शास्त्राला स्वतःच्या नावाचा तास नाही. खडकांचे प्रकार, पृथ्वीचे अंतरंग, भूपृष्ठाच्या हालचाली, वारे आणि वृष्टी हा भाग भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत विखुरलेला आहे. खनिजे, हवामान आणि नैसर्गिक आपत्ती यांचा काही अंश सामान्य विज्ञानाच्या वाट्यास गेला आहे. आणि अकरावी-बारावीला भूशास्त्र हा वैकल्पिक विषय मंडळाच्या यादीत असला, तरी तो प्रत्यक्ष शिकविणारी कनिष्ठ महाविद्यालये मोजकीच आहेत. त्यामुळे पृथ्वीविज्ञानाचा शिक्षक होण्याचा संकल्प करणाऱ्याला कागदोपत्री भूगोलाचा किंवा विज्ञानाचा शिक्षक व्हावे लागते आणि आपले खरे शास्त्र त्या पदाच्या आश्रयाने शिकवावे लागते. यात खंत करण्यासारखे फारसे नाही. तयारीचा क्रम मात्र यामुळे बदलतो.

प्रथम दप्तरी बाजू उरकून घेऊ, कारण ती अपरिहार्य असली तरी रसाळ नाही. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बारावीनंतरची डी.एल.एड. ही पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर लागतो; सहावी ते आठवीसाठी पदवी, डी.एल.एड. अथवा बी.एड. आणि त्याच परीक्षेचा दुसरा पेपर. नववी-दहावीसाठी पदवी व बी.एड.; आणि अकरावी-बारावीसाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी व बी.एड. दोन वर्षांच्या बी.एड.चा प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो, आणि पुढे नेमणुकीसाठी दोनशे गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी देऊन पवित्र पोर्टलावर नाव नोंदवावे लागते. वरिष्ठ महाविद्यालयात अध्यापन करावयाचे असल्यास किमान पंचावन्न टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि नेट अथवा सेट ही परीक्षा हवी; या दोन्ही परीक्षांत पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रह यांच्या विज्ञानाला स्वतंत्र विषयाचे स्थान आहे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून कोणाच्या सांगीवर न विसंबता चालू वर्षाचा शासन निर्णय व जाहिरात स्वतः वाचून खातरजमा करावी.

या सर्व व्यवस्थेत एक खाच अशी आहे की तिच्यात बरेच उमेदवार अडखळतात. पात्रता परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात दीडशेपैकी साठ गुणांसाठी गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एकाची निवड करावयाची असते, आणि भूगोल हा सामाजिक शास्त्रांत मोडतो. म्हणजे आपले शास्त्र जेथे दुभंगते, नेमके तेथेच उमेदवाराला एक बाजू धरावी लागते. आपली पदवी ज्या विषयाची, ती बाजू धरावी हे उघडच आहे. परंतु राहिलेल्या अर्ध्याची भरपाई स्वतःच्या वाचनाने करावी, असा माझा आग्रह आहे. भूगोलाचा पदवीधर नकाशात तरबेज असतो, पण खनिजाच्या रसायनाशी त्याची ओळख तोंडदेखली असते; विज्ञानाचा पदवीधर आम्ल आणि क्षार यांविषयी अधिकाराने बोलतो, पण समोच्चरेषांचा नकाशा हाती दिला की टेकडी कोणती आणि दरी कोणती हे त्याला सांगता येत नाही. केवळ भूशास्त्राची पदवी घेऊ पाहणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. शाळेच्या जाहिरातीत त्या नावाचा रकानाच नसतो, तेव्हा पदवीला भूगोल, रसायन किंवा भौतिकी यांपैकी एक शालेय विषय जोडीस असू द्यावा.

पदवीसाठी कोठे जावे, याचे उत्तर पूर्वीइतके बिकट राहिलेले नाही. आपला जिल्हा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो ते मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. १९९४ साली त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले, ज्याच्या भूशास्त्र संकुलात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुण्याचे विद्यापीठ व फर्ग्युसन महाविद्यालय आणि नागपूरचे विद्यापीठ ही जुनी ठाणी आहेतच. तथापि कोणत्याही ठाण्यावर गेलात तरी तेथे काचेच्या कपाटात ग्रॅनाइट, संगमरवर, वालुकाश्म आणि चुनखडक यांचे लेबल लावलेले तुकडे तुमची वाट पाहत असतील, आणि त्यांतील बहुतेक खडक बीडच्या मुलाने आपल्या शिवारात कधी पाहिलेले नसतील. तुम्ही परत येऊन ज्या वर्गापुढे उभे राहणार, त्या वर्गाच्या पायाखाली एकच खडक आहे : काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट.

‘एकाच खडकाच्या जिल्ह्यात भूशास्त्र काय शिकवावे?’ अशी तक्रार मी अनेक शिक्षकांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती मला कधीच पटलेली नाही. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हाचे लोट पुनःपुन्हा बाहेर पडून, थरावर थर साचून दख्खनचे हे पठार झाले, आणि झिजून उरलेला त्याचा विस्तार आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर आहे. ज्या खडकाचा अभ्यास करण्यासाठी परदेशांतील विद्वान समुद्र ओलांडून येतात, तो आपल्या उंबरठ्याखाली आहे. शिवाय तो एकजिनसी नाही. लाव्हाचा प्रत्येक लोट निवताना त्याच्या पोटात घट्ट, उभ्या भेगांचा कातळ झाला, तर माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून सच्छिद्र, ठिसूळ थर झाला. दोन लोटांच्या मधल्या विश्रांतीच्या काळात पृष्ठभाग कुजून कोठे कोठे लाल मातीचा पातळ पट्टा तयार झाला. आणि पुढे त्या रिकाम्या छिद्रांत पाण्याने वाहून आणलेली द्रव्ये साचून गारगोटी, कॅल्साइट व झिओलाइटचे स्फटिक वाढले. सच्छिद्र माथा पाणी धरून ठेवतो, घट्ट कातळ फक्त भेगांतून पाणी सोडतो, आणि लाल पट्टा चिकण असल्यामुळे पाण्याची वाट अडवितो. एवढी तीन विधाने ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता आली, त्याला बीडमधील निम्म्या विहिरींचे चरित्र उलगडले असे समजावे.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना ही की, पदवीची पुस्तके उघडण्याच्या आधी, किंवा निदान त्यांच्या बरोबरीने, उमेदवाराने विहिरींची एक नोंदवही करावी. उन्हाळ्यात जेथे नवी विहीर खोदली जात असेल, यारीने डबर वर येत असेल आणि सुरुंगाच्या पाळ्यांमध्ये काम थांबलेले असेल, तेथे मालकाची परवानगी घेऊन काठावर जावे. वरची काळी माती किती परस, तिच्याखाली मुरूम किती, कातळ कोठे लागला, लाल पट्टा आढळला की नाही, पहिला पाझर कोणत्या बाजूने व कोणत्या खोलीवर फुटला, हे खोदणाऱ्यांना विचारून लिहून घ्यावे व त्याचा उभा छेद कागदावर काढावा. खोदणारे गडी या बाबतीत अनेक पदवीधरांहून जाणकार असतात. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, शास्त्रीय संज्ञा मागाहून समासात टाकता येतात. एकाच गावातील सात-आठ विहिरींचे छेद शेजारी-शेजारी मांडले की गावाखालचा खडक कोणत्या बाजूला कसा बदलतो, हे आपोआप दिसू लागते. हातावर नारळ धरून पाणी शोधणाऱ्या पाणाड्याविषयी वर्गात प्रश्न हमखास येतो. त्याची थट्टा करून मुलांना दुखवू नये, कारण तो पाणाड्या बहुधा त्यांतल्याच कोणाचा तरी आजोबा असतो. नोंदवही उघडून मुलांनाच निर्णय करू द्यावा.

या नोंदवहीला सरकारी आकड्यांची जोड देता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही राज्याची संस्था निवडक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तिचे कार्यालय असते. तेथे विनंतीअर्ज घेऊन गेल्यास आपल्या तालुक्याच्या पातळ्यांचा जुना तपशील पाहण्यास मिळू शकतो. भूजलाच्या २००९ च्या अधिनियमात साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध का घातले असावेत, आणि कूपनलिका आणखी शेकडो फूट नेऊनही कोरडी का निघते, हे शिकविताना हा तपशील कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक उपयोगी पडतो. बीड शहराच्या दक्षिणेस सोलापूर रस्त्यालगत निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आहे. जमिनीचा उतार आणि भूजलाची पातळी यांचा अंदाज घेऊन, मोट न लावता, भुयारी पाटाने पाणी सखल रानात नेणारी ही रचना पाहिल्यावाचून कोणीही या जिल्ह्यात जलविज्ञान शिकवू नये. खेद एवढाच की, पुष्कळ शाळांच्या सहली तिच्यावरून जाऊन थेट एखाद्या जलविहाराच्या बागेत उतरतात.

विहिरीनंतर नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची स्थलदर्शक पत्रके मिळवावीत. बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग ४७ एम, ४७ एन, ५६ ए आणि ५६ बी या चार गटांत विभागला गेला आहे, कारण ७६ पूर्व रेखावृत्त जिल्ह्यातून उतरते आणि १९ उत्तर अक्षवृत्त बीड शहराला जवळजवळ चाटून जाते. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाचा नकाशाही घ्यावा. गटनंबर व ओढ्यांच्या खुणा असलेला तो कागद मुलांना जितका आपला वाटतो तितका जगाचा नकाशा वाटत नाही. हे दोन्ही कागद घेऊन पाटोद्याच्या माथ्यावर उभे राहावे. त्या परिसरातून सिंदफणा निघून ईशान्येकडे वळते व मंजरथजवळ गोदावरीस मिळते. मांजरा निघून आग्नेयेकडे फिरत फिरत तेलंगणात जाऊन त्याच गोदावरीस मिळते. आणि सौताड्याच्या दरीत कोसळणारी विंचरणा मात्र सीनेच्या वाटेने भीमेत, म्हणजे अखेर कृष्णेत जाते. एका तालुक्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन महानद्यांत वाटला जातो, ही गोष्ट जलविभाजक या शब्दाची व्याख्या पाठ करून घेण्याआधी दाखवावी. बालाघाटाची उतरंड, मांजरसुंब्याच्या घाटातील रस्त्याने कापलेल्या दरडी, कपिलधारचा धबधबा, आणि खाली उतरल्यावर गंगथडीची खोल काळी माती : सहावीपासून नववीपर्यंतच्या भूगोलातील बाह्य प्रक्रियांचे कित्येक नमुने एका दिवसाच्या वाटेवर आहेत. अंबाजोगाईचा हत्तीखाना हा कातळात कोरलेला लेणीसमूहही अवश्य पाहावा, कारण शिल्पींनी खडकाची कोणती घडण निवडली हे तेथे हाताने चाचपता येते. हातोडा मात्र पिशवीतच राहू द्यावा. संरक्षित वास्तूचा टवका काढणारा शिक्षक मुलांना जे शिकवितो ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

साहित्याची यादी लांबविण्याचे कारण नाही. दहापट मोठे दाखविणारे हातभिंग, होकायंत्र, फीत, खडक फोडण्याचा हातोडा व डोळ्यांना चष्मा, काचेचा तुकडा, चाकू आणि सौम्य आम्लाची लहान बाटली एवढ्यावर बीडमधील खनिजांची पहिली परीक्षा होते. गारगोटी काचेवर ओरखडा काढते. कॅल्साइटवर चाकूचा ओरखडा उमटतो व आम्लाने तो फसफसतो. झिओलाइट फसफसत नाही. आणि काळ्या रानातले चुनखडीचे खडे फसफसतात. सौर भूगोल शिकविताना मात्र एक अडचण येते. १९ अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येऊन दुपारची सावली पायाखाली नाहीशी होते ती मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस. पहिल्या वेळी शाळेस सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आभाळास फुरसत नसते. तेव्हा मेमध्ये गावातल्या चार मुलांना अंगणात बोलावून हा प्रयोग करावा, हेच बरे.

पर्जन्यमापनाचा सराव उमेदवाराने निदान एक पावसाळा स्वतः करावा. सकाळी साडेआठला पाऊस मोजून लिहिण्याची हवामान खात्याची शिस्त पाळावी. अडीच मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस मोजावा. एका मिलिमीटर पावसाने एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी पडते, हा हिशेब मुलांकडून करून घेतला की, वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस होणाऱ्या मुलखात टँकर का लागतात, हा प्रश्न तीच विचारू लागतात. तेथून बाष्पीभवन, उतार, मातीची जाडी आणि पिकाची निवड येथवर चर्चा जाते. ऊस हा शब्द उच्चारला जातो, आणि शिक्षकाला थोडे जपून बोलावे लागते. परळीचे औष्णिक केंद्रही याच पाठात येऊ शकते. कातळाच्या या मुलखात कोळसा नाही, तो दूरच्या गोंडवनी खडकांतून रेल्वेने येतो. आणि २०१५ साली हे केंद्र बंद ठेवावे लागले ते पाण्यावाचून.

ऊस निघालाच आहे तर या जिल्ह्याच्या शिक्षकाला ज्याचा विसर पडता कामा नये असे एक वास्तव सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, आणि हंगामी वसतिगृहांची तजवीज असूनही कित्येक मुले आई-बापांबरोबर जातात ती उन्हाळ्यातच परततात. क्षेत्रभेट हिवाळ्यात ठेवण्याची शहरी रीत येथे अर्ध्या वर्गाला वगळून टाकते. म्हणून बाहेरचे सर्व काम श्रावण ते आश्विन या काळात उरकावे. ओढे वाहते असतात, विहिरी भरलेल्या असतात, आणि पट पूर्ण असतो. जाणाऱ्या मुलांना सांगावे की जेथे कोप, म्हणजे मुक्कामाची झोपडी, पडेल तेथली मूठभर माती पुडीत बांधून, गावाचे नाव लिहून आणा. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक येथून आलेल्या त्या पुड्या परीक्षानळीतील पाण्यात ढवळून ठेवल्या की मृदेचा जो पाठ होतो, तो विकतच्या तक्त्याने होत नाही. आणि सहा महिने वर्गाबाहेर राहिलेले मूल त्या दिवशी काहीतरी देणारे म्हणून वर्गात बसते.

भूकंपाचा पाठ मराठवाड्यात इतर पाठांसारखा शिकविता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, शेजारच्या किल्लारी परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. द्वीपकल्पाचा हा भाग स्थिर मानला जात असे. स्थिर म्हणजे निश्चल नव्हे हे त्या पहाटेने जगाच्या भूकंपशास्त्रज्ञांनाही नव्याने दाखविले. पण उमेदवाराने केंद्र व तरंग यांच्या आकृतीपाशी थांबू नये. मातीच्या चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही घरे आपल्या तालुक्यातही आहेत. कोणती भिंत कशी फुटते, कोपऱ्यांना बांध का हवा, हे मुलांनी स्वतःच्या घराची पाहणी करून मांडावे. ‘मांजरा किंवा माजलगावच्या धरणाने भूकंप होईल काय?’ हा प्रश्न ठरलेलाच. त्यासाठी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप नीट अभ्यासावा. खडकात आधीच ताण साठलेला असेल तर जलाशयाचा भार आणि भेगांत शिरणारे पाणी त्यास निमित्त होऊ शकते. प्रत्येक धरणापाशी असे घडत नाही. ज्याच्या घरातील कोणी किल्लारीत गेले असे मूल समोर बसलेले असू शकते, हे स्मरून आवाज बेताचा ठेवावा.

बी.एड.च्या सराव पाठांविषयी थोडेसे. पाठ टाचणाचे ठरावीक रकाने भरण्यात बरीच शक्ती खर्ची पडते आणि निरीक्षकांना ते हवेही असते, तेव्हा ते निमूटपणे भरावेत. परंतु प्रत्येक पाठास जिल्ह्यातील एक खडा, एक छेद किंवा एक आकडा जोडण्याचा नेम करावा. तसेच शास्त्रातील अनिर्णीत वाद मुलांपुढे मांडण्याचे धैर्य आत्ताच अंगी आणावे. महाकाय सरीसृपांचा अंत मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे आदळलेल्या अशनीने झाला, असा पक्ष १९८० मधील इरिडियमच्या शोधापासून प्रबळ आहे. त्या संहारात दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडत आहेत. आरोपी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो खडक हाती धरून हा वाद मांडणे बीडच्या शिक्षकाला सहज शक्य आहे, आणि बुलढाण्यातील लोणार हे याच कातळात अशनीने पाडलेले विवर एका मोठ्या सहलीच्या अंतरावर आहे.

वाचनासाठी पाठ्यपुस्तक मंडळाची सहावी ते बारावीची भूगोल व विज्ञानाची पुस्तके सलग वाचावीत, मराठी विश्वकोशातील भूशास्त्राच्या नोंदी पाहाव्यात, भाषा संचालनालयाचा भूशास्त्र परिभाषा कोश जवळ ठेवावा. परीक्षांचा अभ्यास रोज ठरावीक वेळ करावा आणि त्याविषयी फार बोलू नये. विहिरींची नोंदवही मात्र येत्या उन्हाळ्यातच सुरू करावी, कारण खोदलेल्या विहिरीला बांधकाम चढले की तिचा छेद दगडामागे झाकला जातो आणि पुन्हा कोणालाही दिसत नाही.